आधी वारा, मग दा नांग

नकाशावर मालवणच्या किनाऱ्यावर बोट ठेवून ते सरळ पूर्वेकडे सरकवत नेलं, तर दख्खन, बंगालचा उपसागर, म्यानमार, थायलंड आणि लाओस ओलांडून ते व्हिएतनामच्या दा नांग शहरापाशी पुन्हा समुद्राला लागतं. दोन्ही गावं उत्तरेला सुमारे १६ अंशांवर आहेत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दोन्हीकडे माथ्यावर येतो. दोन्हीकडे भात, नारळ, मासळी, पाठीशी डोंगर आणि पुढ्यात पुळण. फरक एवढाच, की मालवणचा समुद्र पश्चिमेला आहे आणि दा नांगचा पूर्वेला. या एवढ्याशा फरकामुळे तिथला पावसाळा आपल्या पावसाळ्याच्या उलट चालतो. चार-पाच दिवसांच्या सहलीला निघणारी बहुतेक कुटुंबं आधी सुट्टीची तारीख पक्की करतात, मग विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल, आणि शेवटी पाहण्यासारख्या दहा ठिकाणांची एखादी यादी समोर घेऊन दिवस भरत बसतात. दा नांगसाठी हा क्रम उलटा हवा. आधी वारा पाहावा, मग तारीख, मग दिवसाचे तास, आणि यादी सर्वांत शेवटी. यात भिजण्याची भीती हे एक कारण झालं, पण दुसरं कारण मला अधिक वजनदार वाटतं. या किनाऱ्यावर पाहण्यासारखं जे आहे ते बहुतांशी वाऱ्यानेच घडवलेलं आहे. तो समजला की यादी आपोआप आखडते आणि उरलेल्या ठिकाणांचा एकमेकांशी संबंध लागतो.

जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला धडकून कोकणात कोसळतो आणि माण-खटावला पोचेपर्यंत रिता होतो, हे शाळेत सगळेच शिकतात. त्याच मोसमातला वारा पुढे लाओसवर जातो तेव्हा त्याच्या वाटेत त्रुओंग सन ही पर्वतरांग येते. लाओस आणि व्हिएतनाम यांच्या सीमेवरून ती उत्तर-दक्षिण गेली आहे. पाऊस पडतो तो लाओसच्या उतारावर. डोंगर ओलांडून दा नांगच्या बाजूला उतरणारा वारा कोरडा असतो आणि उतरताना दाब वाढत गेल्याने आणखी तापतो. तिथले लोक त्याला लाओसचा वाराच म्हणतात. म्हणजे मालवणला आषाढसरी चालू असताना दा नांग हे समुद्रकाठचं माण-खटाव झालेलं असतं. दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे, आभाळ बहुधा निरभ्र, समुद्र शांत. सप्टेंबर सरता सरता पारडं फिरतं. आता वारा ईशान्येकडून, दक्षिण चीन समुद्रावरचं बाष्प घेऊन थेट त्या डोंगरावर येतो आणि पावसाची बाजू दा नांगची होते. चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस का पडतो हे ज्याला माहीत आहे, त्याला वेगळं सांगायला नको. फक्त इथे डोंगर किनाऱ्याला जवळजवळ टेकलेला असल्यामुळे मारा अधिक. एकट्या ऑक्टोबरची सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास जाते. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तिन्ही महिन्यांचा पाऊस एकत्र केला तरी तिच्या पाव हिश्शाइतका भरत नाही. वादळांचा काळही हाच. २००६ साली झांगसाने हे मोठं चक्रीवादळ दा नांगवर आदळलं ते १ ऑक्टोबरला.

हे चित्र महाराष्ट्रातल्या सुट्ट्यांवर ठेवून पाहिलं की अडचण लगेच दिसते. आपल्याकडे परदेशी सहलीचा सर्वांत मोठा हंगाम दिवाळीचा, आणि दिवाळी पडते ती दा नांगच्या पावसाच्या ऐन भरात. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये या शहराचे रस्ते पाण्याखाली गेले होते. २०२५ची दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती. त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेकडच्या हुए शहरात चोवीस तासांत १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि दक्षिणेकडच्या होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून होड्या फिरल्या. नाताळात मुसळधार कमी झालेली असते, पण आभाळ भरलेलं, रिपरिप चालू आणि समुद्र खवळलेला. पोहण्याच्या इराद्याने गेलेल्याने तेव्हा किनाऱ्यावर लाल बावटाच पाहायचा. जानेवारीच्या अखेरीपासून हवा सुधारते, मात्र त्याच सुमाराला, चांद्र नववर्षाच्या हिशेबाने कधी जानेवारीच्या शेवटी तर कधी फेब्रुवारीत, ‘तेत’चा सण येतो. तेव्हा दुकानं, खाणावळी, गाड्या बंद आणि आख्खा देश गावी निघालेला. उरतो तो फेब्रुवारीच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंतचा काळ. त्यातही शाळांच्या परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिल मला सर्वांत चांगला वाटतो, कारण लाओसचा वारा अजून पेटलेला नसतो आणि समुद्र निवळलेला असतो. मे-जूनमध्ये जायला हरकत नाही. फक्त तेव्हा दिवस कसा कापायचा याचं गणित बदलतं, आणि त्याकडे पुढे यायचं आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की सरासरी ती सरासरी. पाऊस काही चोवीस तास पडत नाही, ऑक्टोबरमध्येही चार कोरडे दिवस मिळालेले लोक असतात, आणि एप्रिलमध्येही एखादा वळीव येतो. आक्षेप खरा आहे. पण तो तीन आठवडे हाताशी असलेल्या प्रवाशाला लागू पडतो. त्याला पावसाचे दोन दिवस हॉटेलात बसून काढता येतात, चौथ्या दिवशी ऊन पडलं की निघता येतं. चार दिवसांच्या सहलीत बसून काढायला दिवसच नसतो. सहल जितकी छोटी, तितका हवामानाचा वाटा मोठा. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: पावसाळ्यात हॉटेलं स्वस्त मिळतात, गर्दी नसते. हेही खरं. ज्याला संग्रहालय, खाणं आणि छत्रीखालचं जुनं गाव एवढंच हवं आहे त्याने डिसेंबरात खुशाल जावं, त्याचा वारा वेगळा. पण स्वस्त तिकिटाच्या आधारावर समुद्र, बेटं आणि डोंगर ठरवायचे आणि मग आभाळाला बोल लावायचे, यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: आमच्या हातात दिवाळीचीच सुट्टी आहे, मग काय करू? मग शहर बदलावं. दिवाळीत व्हिएतनामच हवा असेल तर उत्तरेला जावं. हनोई आणि हा लाँगच्या आखातात तेव्हा पाऊस ओसरून कोरडा, सुखद काळ सुरू होत असतो, विशेषतः नोव्हेंबरात. एकाच देशात, एकाच महिन्यात, दोन किनाऱ्यांची हवा परस्परविरुद्ध असू शकते, ही गोष्ट लांबुळक्या व्हिएतनामबद्दल सर्वांत आधी लक्षात ठेवायला हवी. आग्नेय आशियात जायला कोणता महिना बरा, हा प्रश्नच म्हणून निरर्थक आहे. प्रश्न नेहमी एका किनाऱ्याचा असतो.

इथवर वारा हा अडथळा होता. आता तो गवंडी म्हणून पाहावा लागेल, कारण दा नांगपासून ३० किलोमीटर दक्षिणेला, थू बोन नदीच्या मुखाशी असलेलं होई आन हे गाव त्याच्याशिवाय समजत नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकांत चीन आणि जपानची जहाजं ईशान्येच्या वाऱ्यावर, वर्षाच्या सुरुवातीला इथे येत. रेशीम, चिनी मातीची भांडी, तांबं उतरवायचं आणि अगरू, मिरी, साखर भरून न्यायची. पण परतीला लागणारा नैऋत्येचा वारा उन्हाळ्यातच सुटतो, त्यामुळे माल विकून झाला तरी व्यापाऱ्याला महिनोन् महिने बंदरात थांबणं भाग होतं. थांबायचं म्हटल्यावर घर आलं, देऊळ आलं, गावची मंडळी जमण्याची जागा आली, लग्नंही झाली. १६१८ ते १६२२ या काळात या प्रदेशात राहिलेला इटालियन जेझुइट क्रिस्तोफोरो बोर्री सुमारे चार महिने चालणाऱ्या जत्रेचं आणि चिनी व जपानी लोकांच्या वेगवेगळ्या वस्त्यांचं वर्णन करतो. (युरोपला परतताना तो गोव्यात थांबला होता, जेझुइटांची आशियातली ये-जा तेव्हा बहुतांशी गोव्यावरून होई.) जपानी वस्तीकडे जाणारा छपराचा लाकडी पूल याच काळातला, परंपरेने १५९३चा मानला जाणारा. १६३५मध्ये जपानच्या राज्यकर्त्यांनी आपल्या लोकांना परदेशी जायला बंदी केली आणि जपानी वस्ती विरत गेली. पूल मात्र राहिला, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ साली पुन्हा खुला झाला. फुजियानकडच्या चिन्यांच्या सभागृहात आजही दर्यावर्द्यांना तारणाऱ्या थिएन हाउ देवीची पूजा होते. हे सारं पाहताना, माणसं इथे आली त्याहीपेक्षा इथे अडकली, हे ध्यानात ठेवलं तर पिवळ्या भिंती आणि कंदील यांच्या पलीकडचं गाव दिसू लागतं.

वाऱ्याची दुसरी बाजूही त्याच घरांत नोंदलेली आहे. ‘तान की’ या जुन्या व्यापारी घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षांसह केलेल्या आहेत. सर्वांत उंच खूण १९६४च्या पुराची, माणसाच्या डोक्याच्या वर. माळ्याच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप ठेवलेली असते. पाणी चढू लागलं की खालचा माल तिच्यातून दोराने वर ओढून घ्यायचा. पूर हा या गावाला अपघात नव्हता, दरवर्षीचा पाहुणा होता, आणि घर बांधतानाच त्याची सोय केलेली होती. पुढे नदीमुख गाळाने भरत गेलं, अठराव्या शतकाच्या अखेरीच्या युद्धांत गावाची धूळधाण झाली, जहाजं मोठी झाली. त्यांना खोल पाणी हवं होतं आणि ते दा नांगच्या आखातात होतं. तिथे सन त्रा हे जवळपास ७०० मीटर उंच द्वीपकल्प आखाताच्या तोंडाशी आडवं पडलं आहे आणि ईशान्येच्या लाटा अंगावर घेतं. याच आडोशामुळे १८५८ साली फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराने पहिला हल्ला दा नांगवर केला, आणि १९६५ साली अमेरिकी मरीन सैनिक उतरले ते याच आखातात. व्यापार उत्तरेला निघून गेल्यामुळे होई आनकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही. १९९९ साली युनेस्कोने ज्याला जागतिक वारसा म्हटलं ते गाव असं दारिद्र्याने राखलेलं आहे. तेव्हा दा नांग की होई आन, मुक्काम कुठे करावा, या नेहमीच्या वादाला फारसा अर्थ नाही. एक दुसऱ्याचं कारण आहे. जुलै २०२५पासून तर शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाल्याने दोन्ही गावं कागदावरही एकाच महानगराची झाली. चार रात्रींपैकी एखादी होई आनला काढावी एवढंच माझं मत, आणि तेही सकाळसाठी. संध्याकाळी सहा ते नऊ तिथे दा नांगहून आलेल्या गाड्यांची एवढी गर्दी असते की माणसांच्या पाठीच दिसतात. सकाळी सहाला त्याच गल्लीत केरसुणीचा आवाज ऐकू येतो.

याच खोऱ्यात, थू बोनच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या कोंडाळ्यात मीसन आहे. चंपा राज्याचं हे शैव तीर्थ. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर या नावाने शिवलिंग स्थापन केलं, आणि पुढे जवळपास तेराव्या शतकापर्यंत विटांची मंदिरं उभी राहत गेली. तिथल्या शिलालेखांची भाषा संस्कृत आणि स्थानिक चाम. विटांचे सांधे इतके बारीक की चुना दिसतच नाही. त्या कशाने चिकटवल्या यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, झाडाचा डिंक वापरला असावा असं अनेकांचं मत. सर्वांत भव्य मंदिर १९६९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात कोसळलं. नंतर पोलंडचे वास्तुतज्ज्ञ काझिमिएझ क्वियात्कोव्स्की यांनी १९८०च्या दशकात पडझड सावरली, आणि अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने तीन मंदिरसमूहांचं काम केलं. त्या कामात २०२० साली नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. भारतीय प्रवाशाचा ऊर इथे भरून येतो, ते स्वाभाविक आहे. पण त्या भरात एक घोटाळा होतो. चाम लोक भारतातून गेलेले नव्हते. त्यांची भाषा मलायशी नातं सांगणारी, आणि त्यांनी संस्कृत व शिव हे स्वीकारले ते व्यापाराच्या वाटेने, आपल्या गरजेनुसार, आपल्या राजाचं नाव देवाला जोडून. त्यांचे वंशज आजही व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या किनारी भागात राहतात; काही जुना हिंदू धर्म पाळतात, काही इस्लामचं स्थानिक रूप. मीसनकडे ‘आपलं मंदिर’ म्हणून पाहिलं की हे लोक दृष्टीआड होतात.

मीसन पाहून निराश झालेले प्रवासी पुष्कळ भेटतात. त्यांची चूक नसते, क्रम चुकलेला असतो. मंदिरांतली शिल्पं आज बहुतेक दा नांग शहरातल्या चाम शिल्प संग्रहालयात आहेत. आँरी पार्मांतिए या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पुढाकाराने १९१५मध्ये त्याची इमारत बांधायला घेतली आणि १९१९मध्ये ते उघडलं. मीसनच्या गाभाऱ्यातला सातव्या शतकातला पाषाणचौथरा तिथे आहे. त्यावरचे तपस्वी वीणा आणि बासरी वाजवताना, जपजाप्य करताना, चक्क एकमेकांची अंगं रगडताना दिसतात. त्रा किएउ इथल्या चौथऱ्यावरची दृश्यं काही अभ्यासकांनी सीतेच्या स्वयंवराची मानली, काहींनी कृष्णकथेची. डोंग यूओंगच्या बौद्ध मठातलं भलं मोठं पीठही तिथेच. दोन तास देऊन हे आधी पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी मीसनच्या रिकाम्या गाभाऱ्यात काय होतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. आधी मीसन आणि वेळ उरला तर संग्रहालय, असा जो नेहमीचा क्रम असतो त्यात अवशेष म्हणजे विटांचे ढिगारे ठरतात आणि संग्रहालय गळतंच. म्हणून विमान उतरल्या दिवशी, विमानतळापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर असलेलं हे संग्रहालय; दुसऱ्या दिवशी पहाटे मीसन, आणि तिथूनच चाळीसेक किलोमीटरवरच्या होई आनला. नदी डोंगरातून समुद्राकडे वाहते त्याच दिशेने हा दिवस सरकतो, आणि माल, यात्रेकरू, राजे यांची वाटही एके काळी हीच होती.

पहाटे का, याचं उत्तर घड्याळात आहे. दा नांग आणि मालवण एका अक्षांशावर असले तरी घड्याळं वेगळी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यामुळे मालवणला सूर्य घड्याळापेक्षा उशिरा उगवतो. व्हिएतनामची १०५ अंशांची, आणि दा नांग त्याच्याही पूर्वेला १०८ वर. हिशेब केला तर एकाच दिवशी दा नांगचा सूर्य स्थानिक घड्याळानुसार मालवणपेक्षा पाऊण तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मेमध्ये सव्वापाचला उजाडलेलं असतं, संध्याकाळी सव्वासहाला सूर्य डोंगरामागे. नऊला न्याहारी करून दहाला निघणारा प्रवासी तोवर दिवसाचे चांगले चार तास गमावून बसलेला असतो आणि नेमका लाओसच्या वाऱ्याच्या तोंडी जातो. स्थानिक लोकांनी हे कधीच ओळखलं आहे. मी खेच्या पुळणीवर पहाटे पाचला गर्दी असते, पोहणारे, चालणारे, कवायत करणारे; आठला किनारा ओस पडतो, आणि तेव्हाच पर्यटक येऊ लागतात. पूर्वेचा समुद्र असल्यामुळे सूर्योदय पाण्यातून होतो, सूर्यास्ताची अपेक्षा मात्र कोकणातल्या माणसाने सोडून द्यावी. उन्हाळ्यात उत्तम दिवस हा दोन तुकड्यांचा: साडेपाच ते साडेदहा आणि दुपारी चारनंतर. मधला काळ जेवण, झोप, किंवा छपराखालच्या जागा. संगमरवरी टेकड्यांपैकी थुई सन या टेकडीवरच्या गुहा दुपारीही गार असतात, पण तिथवर नेणाऱ्या दीडेकशे पायऱ्या गार नसतात. लिफ्ट आहे, ज्येष्ठांनी ती घ्यावी.

असं सगळं आखलं की एक मोठा प्रश्न राहतोच: बा ना टेकड्यांचं काय? दगडी वाटणाऱ्या दोन प्रचंड हातांवर तोललेला तो सोनेरी पूल २०१८ साली झाला, आणि आज दा नांगची बहुतेक जाहिरात त्याच एका छायाचित्रावर चालते. तो वगळायचा म्हणजे घरचे काय म्हणतील? बा नाचा जन्मही वाऱ्यातूनच झाला आहे. लाओसच्या वाऱ्याने हैराण झालेल्या फ्रेंचांनी १९१९च्या सुमारास साडेचौदाशे मीटरच्या आसपास उंचीवर गार हवेचं ठाणं वसवलं, आपल्याकडे इंग्रजांनी माथेरान-महाबळेश्वर वसवलं त्याच गरजेपोटी. नंतर ते उजाड झालं. आता तिथे पाच किलोमीटरहून लांब दोरवाट आणि नव्याने बांधलेलं फ्रेंच धाटणीचं गाव आहे. माझं मत स्पष्ट आहे. चारांतला एक पूर्ण दिवस या नकली गावाला देणं महाग पडतं, आणि डोंगरमाथ्यावर ढग बसला तर पुलाचे हातही दिसत नाहीत. पण मे-जूनचा उन्हाळा असेल, बरोबर लहान मुलं असतील, तर गार हवेचा एक दिवस हे वाजवी कारण आहे, आणि ते कारण शंभर वर्षांपूर्वीही वाजवीच होतं. तेव्हा पहिल्या पाळण्याने वर जावं आणि भर दुपारी, गर्दी चढत असताना, खाली उतरावं. सहल मौजेसाठी असते, अभ्यासदौऱ्यासाठी नव्हे, असं कुणी म्हणेल. कबूल, पण गर्दीत उभं राहून ढगाचा फोटो काढण्यात मौज कोणती, हेही कुणीतरी सांगावं.

बाकीचे तपशील भराभर सांगता येतील. व्हिएतनामचा ई-व्हिसा भारतीयांना घरबसल्या मिळतो आणि ऑगस्ट २०२३पासून तो ९० दिवसांपर्यंतचा आहे. एका रुपयाला सुमारे ३०० दोंग या हिशेबाने शून्यं वाढतात, आणि वीस हजार व पाच लाख या दोन्ही नोटा निळसर असल्याने संध्याकाळच्या उजेडात पैसे देताना डोळे उघडे ठेवावेत. शाकाहाऱ्यांनी घाबरण्याचं कारण नाही. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खाणावळी सगळीकडे आहेत, मात्र साध्या भाजीतही माशाचं खारवलेलं पाणी पडत असल्याने इतरत्र विचारून घ्यावं. समुद्रातल्या कू लाव चाम बेटावर जायचं असेल तर मार्च ते ऑगस्ट हाच काळ. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आपल्या पावसाळ्यात बंद असते तशी ही त्यांच्या पावसाळ्यात. आणि घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय इथेही कामाला येतं. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर मोजला जातो, त्यामुळे ही रात्र शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडते. पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी अनेक घरांत शाकाहार असतो, म्हणजे खाणावळींतही त्या दिवसांत निवड अधिक. ड्रॅगन पुलाच्या तोंडून आग निघते ती मात्र आठवड्याच्या अखेरीस रात्री नऊला; तिथी नव्हे, वार पाहावा.

राहते हुए, आणि वाटेवरची हाय वान खिंड. हुए ही एकोणिसाव्या शतकातली राजधानी, तिला स्वतंत्र दोन दिवस हवेत. शंभर किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परतणं म्हणजे राजवाड्याच्या दारावरून गाडी वळवणं. चार दिवसांत हुए घेऊ नये. खिंड मात्र अर्ध्या दिवसाची, जेमतेम पाचशे मीटर उंचीची. त्रुओंग सनचा एक फाटा इथे समुद्रापर्यंत येऊन संपतो. हिवाळ्यात उत्तरेची थंड हवा या भिंतीला अडते, त्यामुळे एकाच दिवशी उत्तरेला धुकं आणि दक्षिणेला ऊन असं इथे वरचेवर घडतं. जी भिंत हवेला अडवते तिने राज्यांनाही अडवलं. १३०६ साली चंपाच्या जयसिंहवर्मन राजाने व्हिएत राजकन्या ह्युएन त्रानशी विवाह करताना खिंडीपलीकडचे दोन प्रांत दिले, तेव्हापासून काही काळ ही खिंड दोन राज्यांची सीमा झाली. १८२६ साली मिन्ह मांग सम्राटाने बांधलेला दरवाजा माथ्यावर उभा आहे. २००५मध्ये सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून अवजड वाहनं खालून जातात आणि घाटरस्ता बहुतांशी हौशी प्रवाशांना मोकळा झाला. ढगाळ दिवशी इथे पाहण्यासारखं फारसं नाही, म्हणून हा अर्धा दिवस आधीपासून कुठल्याही तारखेला बांधू नये. आभाळ पाहून आदल्या रात्री ठरवावा. आणि चाराऐवजी तीनच दिवस हाती असतील तर गळावी ती खिंड, त्याआधी बा ना. संग्रहालय आणि मीसन-होई आनचा तो एक सलग दिवस हात न लावता तसाच ठेवावा.